सहा खंड, पक्क्या बांधणीचे

बांधणीशिवाय पुस्तक कपाटात जाणार नाही, हा नियम आमच्या ग्रंथालयात माझ्या आधीपासून होता. पण तो हट्टानं पाळणारी मीच, खोटं कशाला बोलू? नागपूरचा उन्हाळा पुस्तकाचा डिंक सुकवून पानं सुटी करतो, कसर कागद खाते, आणि वाचक तर या दोघांच्या वरताण. नवं पुस्तक आलं की दाखल रजिस्टरात नोंद, ठरलेल्या पानावर शिक्का, आणि तिथून थेट बाइंडरकडे. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, तिन्ही कडा कापून एकसारख्या. त्यानंतरच ते वाचकाच्या हाती पडायचं. मधेच कोणी मागितलं तर मी अशी बघायची की तो बिचारा आठवडाभर फिरकत नसे. माझ्यामागे मला फौजदारीणबाई म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि आतून बरंही वाटायचं.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. वाचनकक्षात तेव्हा वेताच्या खुर्च्या होत्या. सकाळी दार उघडायच्या आधीपासून पायरीवर उभे असणारे पेन्शनर दिवसभर पेपर वाचत त्यांत बसून राहायचे आणि वर्षभरात त्या खुर्च्यांच्या झोळ्या व्हायच्या. त्या नव्यानं विणायला दर उन्हाळ्यात एक अंध कारागीर येई. चाळिशीचा असेल. चेहऱ्यावर देवीचे व्रण. काटोलकडच्या एका खेड्यात, सातव्या वर्षी अंगावर देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. पुढं नागपूरच्या अंधशाळेत राहून तो ब्रेल शिकला आणि वेतकामही शिकला. शाळा सुटली, ब्रेल तिथंच राहिलं, वेत तेवढा हाताला चिकटला. व्हरांड्यात पोतं अंथरून तो बसायचा, शेजारी बादलीत वेत भिजत ठेवलेला, आणि बोटं अशी चालायची की आमचे कारकून फायली सोडून बघत उभे राहत.

एका दुपारी मी जवळून गेले तर म्हणाला, "बाई, आत पुस्तकं किती असतीन?"

"मोजायची सोय नाही इतकी."

"अन् त्याच्यात माह्यासाठी किती?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "तुम्हाला वाचता येतं का भाऊ?"

"येते ना बाई. बोटानं." आणि तो हसला.

ब्रेल म्हणजे जाड कागदावर उठवलेले ठिपके, त्यांवरून बोट फिरवून अक्षर लागतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. पाहिलेलं नव्हतं. ग्रंथालयात नोकरी करून सहा-सात वर्षं झाली होती आणि आपल्या कपाटांत अंध माणसासाठी एक पानसुद्धा नाही, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. लाज वाटली. लाज वाटली की मी चिडते, माझी खोडच आहे ती. त्या दिवशी शिपायाला उगाच झापलं.

मग हळूहळू त्यानं सांगितलं. शाळेत एक लांबलचक कादंबरी ब्रेलमध्ये होती, सहा खंडांची. त्यानं तीन खंड वाचले आणि घरून बोलावणं आलं, वडील गेले. पुन्हा शाळेत जाणं झालं नाही. पुढं कधीतरी चौकशी केली तर पुस्तकं जुनी होऊन ठिपके झिजले, शाळेनं काढून टाकली म्हणे. वीस वर्षं तो त्या तीन खंडांपाशी थांबला होता.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "ती कादंबरी आपल्याकडे छापील आहे. मी वाचून दाखवते."

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात बसून मी वाचायला लागले. तिसऱ्या दिवशी एक पेन्शनर आतून उठून आले, भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवलं आणि परत जाऊन बसले. ती पाटी मीच रंगवून घेतली होती! मी पुस्तक मिटलं. खुर्चीवाले भाऊ म्हणाले, "राहू द्या बाई. मीच म्हणणार होतो. दुसऱ्यानं भरवलेल्या घासानं पोट भरते, पण आपल्या हातानं जेवल्यावानी नाही लागत."

आणि मग त्यांनी बोटं पुढं केली. टोकांना घट्टे होते. वेताची कड पात्यासारखी असते, रोज तीच ओढून ओढून कातडी जाड होते. शाळेतल्या गुरुजींनी तेव्हाच सांगितलं होतं, हे काम धरशील तर एक दिवस बोटं बहिरी होतील, ठिपका लागणार नाही. "पोटासाठी धरलं," ते म्हणाले. "आता अजून लागते थोडंथोडं, असं मले वाटते. पाच वर्सांनं लागन का नाही, सांगता नाही येत. राहिलेले तीन खंड एकदा हातानं वाचून घेतले असते, मग गेली असती बोटं त गेली."

तेव्हापासून मी हात धुऊन मागे लागले. आमचे ग्रंथपालसाहेब माणूस वाईट नव्हता. कोणत्याही कागदावर सही करायच्या आधी त्याला घाम फुटायचा, एवढंच. माझा अर्ज वाचून म्हणाले, "बाई, असे वाचक किती आहेत?"

"एक."

"एकासाठी मागणी कशी पाठवायची?"

"साहेब, ज्या घरी चूल पेटत नाही तिथं पाहुणा कशाला येईल? आधी चूल तर पेटवा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अर्ज फायलीत ठेवला. तो मंजूर व्हायला तीन वर्षं लागली. दर उन्हाळ्यात भाऊ येत, विचारत नसत. मीच सांगायची, "वर गेलाय कागद." ते म्हणत, "जाऊ द्या वर. वर गेलेलं खाली येतेच." आणि विणत राहत. तिसऱ्या वर्षी मात्र विणता विणता म्हणाले, "डाव्या हाताची गेल्यावानी वाटून राहिली बाई. उजव्याची हायेत." मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन अशी काही बोलले की आज आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं. पण मंजुरी आली. पुस्तकं उत्तरेकडच्या एका ब्रेल छापखान्यातून यायची होती.

ती आली तो दिवस मला लख्ख आठवतो. लाकडी पेटी, आत गवत, गवतात सहा खंड. केवढाले! साध्या कागदी वेष्टणात, दोऱ्यानं कच्चे टाचलेले. मी दार लोटून घेतलं, डोळे मिटले आणि पानावर हात ठेवला. उन्हाळ्यात पाठीवर घामोळं उठावं तसा कागद हाताला लागला. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण रडू आलं. तेवढ्यात साहेबांनी दार वाजवलं, तेही आत आले, तेही हात फिरवून गेले. सोमवारी छोटा कार्यक्रम करायचा ठरला. नारळ, चार पेढे, आणि पहिला वाचक म्हणून भाऊ.

आता ऐका, माझ्या हातून काय झालं ते.

नोंद झाली, शिक्के झाले. ठिपक्यांत ठरलेलं पान कोणतं ते कळेना म्हणून पानं मोजून शिक्के मारले, तेवढी मी काटेकोर! मग देवघेवीच्या टेबलावरचे वयस्कर कारकून म्हणाले, "बाई, सोमवार जवळ आला. ही अशीच देऊन टाकू या का? बांधणी मागाहून करू." आणि मी उसळले. "का म्हणून? डोळसांची पुस्तकं पक्क्या बांधणीत, आणि आंधळ्याला कागदी वेष्टणात? त्याला दिसत नाही म्हणून काहीही चालतं का?" त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. मी चिठ्ठी लिहिली, 'सहा खंड, पक्की बांधणी, अत्यंत तातडीचे', आणि पेटी बाइंडरकडे पाठवली. पुस्तकं ब्रेलची आहेत हे चिठ्ठीत लिहिलं नाही. बांधणीची चिठ्ठी अशीच असायची, आत काय लिहिलंय याच्याशी बाइंडरला काय करायचं?

सोमवारी सकाळी सहाही खंड आले. काय देखणे! गडद निळं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं. मी पाठीवरून हात फिरवला, उघडून पाहिलं नाही. भाऊ धुतलेला सदरा घालून आले होते. हळूच मला म्हणाले, "पंधरा दिवस झाले, वेताले हात नाही लावला. रोज कोमट पाण्यात बोटं बुडवतो अन् वरून लोणी चोळतो. नरम पडली जरा." आणि बोटं पुढं केली. खरंच नरम पडली होती.

नारळ फुटला. साहेब चार शब्द बोलले. बाइंडर दाराशी कौतुकानं उभा होता. भाऊंना खुर्चीत बसवलं, त्यांनीच विणलेल्या. चौथा खंड मी स्वतः त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी आधी पुठ्ठा चाचपला. "वा बाई, केवढं मजबूत!" मग पान उघडलं आणि उजव्या हाताचं बोट वरच्या कोपऱ्यात ठेवलं.

बोट ओळीवरून गेलं. परत आलं. पुन्हा गेलं. त्यांनी हात सदऱ्याला पुसला, दुसरं बोट लावलं. मग पान उलटलं. मग एकदम दहा-बारा पानं उलटली. खोलीत सगळे हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते आणि एकेकाचं हसू उतरत गेलं.

"कुठंकुठं काहीतरी हाये," ते म्हणाले. "पण अक्षर नाही लागत."

"सावकाश, सावकाश," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. गेली. माही बोटं गेली."

मी वाकून पानावर हात ठेवला. पान गुळगुळीत होतं.

मी बाइंडरचा दंड धरला आणि त्याला जिन्यापाशी ओढत नेलं. "काय केलंत त्या पुस्तकांना?" त्याला वाटलं शाबासकी मिळतेय. खुलून सांगायला लागला, "बाई, काय हालत होती त्याईची! एक अक्षर छापलेलं नाही, त्याच्यात ओल लागली होती कागदाले, सारे फोडच फोड. म्हटलं बाईंचं तातडीचं काम, खराब नाही गेलं पाहिजे. एकेका पानाले पाण्याचा हलका हात मारला, अन् तीन दिवस शिकंज्यात आवळून ठेवले. आता पाहा, एक फोड दाखवा!" शिकंजा म्हणजे बाइंडरचं लोखंडी दाबयंत्र. वरचं चाक फिरवत न्यायचं की खालचं पुस्तक पापडासारखं होतं. त्या माणसानं इमानानं, पान न् पान, सहाही खंड पुसून टाकले होते. आणि हुकूम माझा होता.

मी परत आत आले ते सगळं कळून आले. भाऊ उठून उभे होते. हातात काठी. साहेबांकडे तोंड करून म्हणत होते, "माफ करा साहेब. तुमी सर्वांनी माह्यासाठी एवढं केलं, बाईंनी तीन वर्सं जीव काढला, अन् मी असा निकामी निघालो. ठेवा पुस्तकं. दुसऱ्या कोणाच्या तरी कामी येतीन."

तो माणूस आमची माफी मागत होता! मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, भाऊ, बोटं तुमची नाही गेली, पुस्तकं गेली. एक वाक्य. तोंडही उघडलं होतं मी. पण समोर साहेब, शेजारी कारकून, ज्यांचं मी गेल्याच आठवड्यात तोंड बंद केलं होतं ते. सरकारी पुस्तकांचा नाश, चौकशी, माझ्या सहीची चिठ्ठी, आणि फौजदारीणबाईची सगळ्यांसमोर होणारी शोभा. मी घाबरले. भित्री बाई मी! चार माणसांवर ओरडायला तेवढी शूर. उद्या एकटे भेटतील तेव्हा सांगू, असं मनाशी म्हटलं आणि त्यांना पेढा दिला. त्यांनी तो कपाळाला लावला, खिशात ठेवला आणि काठी टेकत निघून गेले.

ते उद्या आलेच नाहीत. नंतर कळलं, त्यांनी वेतकाम सोडलं, भावाच्या संत्र्याच्या बागेवर गावी गेले. पुढच्या उन्हाळ्यात खुर्च्या विणायला दुसराच कोणी आला. काटोल काही लंडन नव्हे. रोज एसटी जाते. मी गेले नाही.

सात वर्षं गेले नाही.

दर वर्षी वर जाणाऱ्या अहवालात एक रकाना असे: अंधांसाठी साहित्य आहे काय? त्यात मी माझ्या अक्षरात लिहायची, 'आहे.' बाइंडरला मी काही बोलले नाही, साहेबांना तर नाहीच. सहा खंड कोपऱ्यातल्या कपाटात निळेशार उभे होते. पाहणीला येणारे साहेब लोक ते काढून बघत आणि म्हणत, बांधणी उत्तम आहे हं.

मग कॉलेजात शिकणारी एक अंध मुलगी आली. कोणीतरी तिला सांगितलं होतं, इथं ब्रेल आहे. मी तिच्यापुढं एक खंड ठेवला, कारण दुसरं करता काय आलं असतं? तिनं एकच पान चाचपलं आणि क्षणात म्हणाली, "अय्या बाई, हे कोणी दाबलं?"

दाबलं! चाळिशीतल्या माणसानं जे स्वतःच्या बोटांवर घेतलं, ते त्या पोरीनं बोट ठेवताच पुस्तकावर टाकलं. मी तिच्यासमोर हुंदके देऊन रडले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सगळं सांगितलं.

तिच्यासाठी नवी पुस्तकं मागवायचा अर्ज मी त्याच आठवड्यात केला. शेरा आला, 'ब्रेल साहित्य उपलब्ध असल्याने गरज नाही.' जुनी रद्द करावीत म्हणून लिहिलं, खरं कारणही लिहिलं या वेळी. अधिकारी आले, खंड उलटूनपालटून बघितले. "पान फाटलेलं नाही, कसर नाही, शिवण घट्ट. नव्यासारखी पुस्तकं रद्द कशी करायची?" मी म्हटलं, "साहेब, ती वाचता येत नाहीत." ते म्हणाले, "मला तरी कुठं येतात?" आणि सही न करता गेले. चिठ्ठीबद्दल मला कोणी साधं विचारलंसुद्धा नाही. ज्या चौकशीच्या भीतीनं मी सात वर्षं तोंड शिवून बसले, ती कधी होणारच नव्हती.

त्या मुलीनं मला एक पान लिहून दिलं. तिच्याकडे ब्रेल लिहायची पाटी आणि टोचणी होती. "काय लिहू?" तिनं विचारलं. मी सांगितलं, "लिही, पुस्तकं दाबली गेली होती. बोटं तुमची चांगली आहेत." ते पान दोन पुठ्ठ्यांमध्ये सैल धरून, कुठं दबणार नाही असं सांभाळत मी काटोलची गाडी पकडली. पुढं चालत गेले.

भाऊ बागेच्या कडेला मांडवाखाली बसले होते. पुढं संत्र्यांचा ढीग. एकेक फळ हातात घेऊन बोटांनी जरासं चाचपायचे आणि या टोपलीत किंवा त्या टोपलीत टाकायचे. सालीखाली पोकळ झालेलं, देठापाशी नरम पडलेलं, सारं त्यांना नुसत्या बोटाला कळत होतं. मी उभी राहून बघत राहिले. ती बोटं मेलेली होती होय?

"भाऊ," मी म्हटलं.

"फौजदारीणबाई!" त्यांनी आवाजावरून लगेच ओळखलं. त्यांनाही ते नाव ठाऊक होतं तर.

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून शिकंज्यापर्यंत, आणि त्या पेढ्यापर्यंत. त्यांचे हात चालू होते, मग थांबले.

"तवाच मालूम होतं तुमाले?"

"त्याच घडीला."

त्यांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं. मी पुठ्ठे उघडून पान काढलं. "भाऊ, एकदा हात लावा. तुमच्यासाठी लिहून आणलंय. एकदाच."

त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या आणि काखेत दाबून धरल्या, थंडीत माणूस धरतो तशा. "नाही बाई."

"काहून?" माझ्या तोंडून घरचा शब्द निघाला.

"नाही लागलं त एकदा मेलो तो पुन्हा मरन. अन् लागलं त सात वर्सं कोणाले मागू? तुमाले?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी सोसलं असतं, दोन शिव्या हासडल्या असत्या तर पाय धरले असते. पण त्यांनी वहिनीला हाक मारून चहा सांगितला. मी निघाले तेव्हा माझी पिशवी मागून घेतली आणि त्यात संत्री भरायला लागले. एकेक चाचपून, चांगली तेवढीच. नको म्हणायचं तोंड मला उरलं नव्हतं.

पिशवी भरत आली तेव्हा त्यांचा हात थांबला.

"कागद वर ठेवजा बाई," ते म्हणाले. "संत्र्याखाली गेला त दबून जाईन."

मी कागद वर ठेवला.